चौथ्या आठवड्यातली भाकरी

कुरनाळच्या आरोग्य उपकेंद्रात ती पेटी आली आणि दुपार व्हायच्या आत गावानं तिला नाव देऊन टाकलं, 'पत्रिका'. सरकारी नाव लांबलचक होतं, ते कुणाच्या तोंडात बसेना. लेकराच्या गालाच्या आतून कापसाची काडी फिरवायची, ती पेटीत घालायची, की ते लेकरू आईच्या पोटात रुजत असताना आईच्या रक्तात काय होतं आणि काय कमी पडत होतं ते पडद्यावर दिसतं, एवढं गावाला पुरेसं होतं. जन्माच्या आधीचं सांगते ती पत्रिकाच की!

शिवलीला बिराजदारच्या कानावर हे आलं तेव्हा ती गिरणीचा पट्टा बदलत होती. नवरा मल्लिनाथ वीज कंपनीत लाइनमन, दिवसभर खांबांवर. सासऱ्यांमागे गिरणी तिच्याकडेच आली होती आणि तिला ती आवडायची. बंद पडलेली कुठलीही वस्तू दिसली की ती उघडून आत काय आहे ते पाहिल्याशिवाय शिवलीलाला चैन पडत नसे. तिनं गिरणीच्या दोन्ही दगडांना स्वतः टाकी मारली होती, मोटार दोनदा खोलून पुन्हा बसवली होती. फक्त एका गोष्टीचं आतलं तिला कधी बघायला मिळालं नव्हतं.

तिची मुलगी निलांबिका, घरातली निला, जन्मली तेव्हा तिच्या कमरेच्या वर पाठीचा कणा उघडाच राहिला होता. दुसऱ्या दिवशी सोलापुरात ऑपरेशन झालं. जीव वाचला, पण पायांत बळ आलं नाही. आता नऊ वर्षांची निला पायांना कॅलिपर लावून, कुबड्या घेऊन शाळेत जायची, लघवीची नळी स्वतःची स्वतः घालायची आणि वर्गातलं कुणी हसलं तर त्याला असं काही ऐकवायची की तो आठवडाभर तोंड चुकवायचा.

हे का झालं याचं उत्तर घरात पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं. सासूबाईंनी, म्हणजे अव्वांनी, ते दवाखान्याच्या पायरीवरच सांगून टाकलं होतं. "ग्रहणात गिरणी चालवलीस. मी नको म्हणत होते. दगडाखाली दाणा फुटला आन् पोटात लेकरू फुटलं."

शिवलीलाचा यावर विश्वास नव्हता. पण एखादी गोष्ट नऊ वर्षं कुणी भाकरी वाढता वाढता सांगत राहिलं, तर विश्वास नसला तरी ती अंगात मुरते. निलाचं कॅलिपर बांधताना मधूनच तिला ती दुपार आठवायची. आभाळ तांबूस झालेलं, रस्ता ओस, आणि कुणाच्या तरी घरी पाहुणे आले म्हणून अडून बसलेलं एक दळण. नसतं दळलं तर?

पट्टा चढवून तिनं हात धुतले आणि निलाला घेऊन ती उपकेंद्रावर गेली.

पेटीबरोबर आलेल्या डॉक्टर तरन्नुम इनामदार सोलापूरच्याच. पस्तिशीच्या आतल्या, बोलताना हातवारे करणाऱ्या. बोरी नदीच्या काठच्या गावांत पाठीचा कणा उघडा राहिलेली मुलं इतर ठिकाणांपेक्षा जास्त का जन्मतात, हे शोधायला त्या निघाल्या होत्या. निलानं त्यांना आधी बोलूच दिलं नाही.

"माझ्या थुंकीला कसं माहीत, मी जन्मायच्या आधी काय झालं?"

तरन्नुम खूश झाल्या. "तुमच्याकडं ओल्या कोब्यावरनं कोंबडी गेलीय का कधी?"

"गिरणीच्या दारात. अजून पंजे आहेत."

"बस्स, तसंच. कोबा वाळल्यावर कोंबडी नाचली तरी काही उमटत नाही. तुझं सगळं शरीर एका पेशीपासून झालं. एकीच्या दोन, दोनाच्या चार. त्या पहिल्या आठवड्यांत आतला धागा, ज्याला आपण डीएनए म्हणतो, तो ओल्या कोब्यासारखा असतो. त्याच्यावर बारीक रासायनिक खुणा बसत असतात. आईच्या रक्तात फॉलिक नावाचं जीवनसत्त्व भरपूर असलं तर खुणा दाट बसतात, कमी असलं तर विरळ. ताप आला, एखादं विष गेलं, तर प्रत्येकाची ठेवण वेगळी. पुढं कोबा वाळतो. पेशी कितीही वाढल्या तरी त्या खुणा जशाच्या तशा उतरत जातात. तुझ्या गालातसुद्धा. ही पेटी तेवढंच वाचते."

"म्हणजे माझ्या गालात कोंबडीचे पंजे आहेत," निला म्हणाली आणि तिनं तोंड उघडलं.

काडी पेटीत गेल्यावर तरन्नुम शिवलीलाकडे वळल्या. "ताई, आम्ही गावाचा एकत्रित निष्कर्ष जाहीर करतो. एकेकट्या लेकराचं काय निघालं ते फक्त त्याच्या आईला सांगतो, तेही तिनं विचारलं तर. नवऱ्याला नाही, सासूला नाही. बऱ्याच जणी विचारत नाहीत."

"मी विचारणार," शिवलीला म्हणाली. "पण त्याच्या आधी एक सांगा. ग्रहण लागलं तेव्हा मला पाचवा महिना होता."

तरन्नुमनी पेन खाली ठेवलं. या प्रश्नाची त्यांना सवय असावी. "पाठीचा कणा आणि मेंदू ज्याच्यापासून होतो ती नळी चौथ्या आठवड्यात बंद होते. बहुतेक बायकांना तोवर दिवस गेल्याचा पत्ताही नसतो. निलाचं जे व्हायचं ते तेव्हाच झालं होतं. पाचव्या महिन्यात तुम्ही गिरणी चालवा नाहीतर झोपून राहा."

परत जाताना शिवलीला इतकी भराभर चालायला लागली की निलाला मागून हाक मारावी लागली.

निष्कर्ष कळायला काही दिवस गेले. तेवढ्यात उपकेंद्रासमोर एक तमाशा झाला. शेजारच्या गावातला एक माणूस बायकोला जवळजवळ ओढत घेऊन आला. तिच्या कडेवर दुभंगलेल्या ओठांचं तान्हं. "ही मिश्री लावती. पेटीत दिसू द्या सगळ्यांना, म्हणजे हिच्या बापाला बोलवून घेतो," तो ओरडत होता. तरन्नुमनी पेटीचं झाकण लावलं आणि दारात उभ्या राहिल्या. "ओठांचं ऑपरेशन करून देते, चला. पेटी उघडणार नाही." माणूस शिव्या देत निघून गेला. शिवलीला भिंतीशी उभी होती. पेटीसमोर हरेक बाई आरोपी होऊ शकते, हे तिला त्या दिवशी कळलं.

निष्कर्ष आल्यावर तरन्नुमनी तिला आत बोलावलं आणि पडदा तिच्याकडे वळवला. रंगीत पट्ट्यांच्या मधोमध एक जांभळी पट्टी दाट दिसत होती.

"फॉलिक तुमच्या रक्तात ठीक होतं. पण ते बाळाच्या पेशींच्या आत गेलं नाही. पेशीला दारं असतात, त्यातनं फॉलिक आत जातं. एक बुरशी आहे, ती दाण्यावर वाढते आणि तिचं विष ही दारं बिघडवतं. भाकरी कितीही भाजा, विष जात नाही. ही जांभळी पट्टी म्हणजे ते विष. त्या वर्षी ज्वारी कशी होती, आठवतंय?"

आठवायला कशाला लागतंय? काढणीला आलेल्या ज्वारीवर पाऊस बसला होता. तळहाताएवढी कणसं काळी पडली होती. गावात आधी असा पाऊस दहा-वीस वर्षांतून एकदा व्हायचा, आता दर दोन-तीन वर्षांनी होतो. घरच्या पोत्यांची तेव्हा अव्वांनी वाटणी केली होती. त्यातली पांढरी व्यापाऱ्याला गेली. राहिली त्यातली बरी होती ती मल्लिनाथला आणि सासऱ्यांना, कष्ट करणाऱ्या माणसांना. काळपट ज्वारी धुऊन, वाळवून, वेगळी दळून बायकांना. ते दळण शिवलीलानंच दळलं होतं. पिठाचा रंग राखेसारखा होता आणि भाकरीला एक कुबट वास यायचा. तिनं नाक मुरडलं तेव्हा अव्वा म्हणाल्या होत्या, "चटणीबरोबर खा, वास येत न्हाई."

"अव्वांनीही तेच खाल्लं," ती स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली. "माझ्याच ताटात जेवून."

"त्यांना काही झालं नसणार. मोठ्या माणसाचा कोबा वाळलेला असतो."

घरी अव्वा ओसरीवर शेंगा फोडत होत्या. "काय म्हणली पेटी?"

शिवलीलाच्या जिभेवर सगळं तयार होतं. तुम्ही वाढलेल्या भाकरीनं झालं, एवढं एक वाक्य. नऊ वर्षं ऐकलेल्याचं उट्टं त्या एका वाक्यात निघालं असतं. पण तिला त्या ओढत आणलेल्या बाईचा चेहरा दिसला आणि वाक्य निम्म्यातच राहिलं.

"ग्रहणानं काही झालं नव्हतं," ती एवढंच म्हणाली.

अव्वांनी दोन शेंगा फोडल्या. "बरं," म्हणाल्या.

पुढच्या आठवड्यात देवळाच्या मंडपात सभा झाली. तरन्नुमनी कुणाचं नाव घेतलं नाही. पावसात भिजलेली काळी ज्वारी, तिच्यावरची बुरशी आणि त्या वर्षांत जन्मलेली मुलं यांचा संबंध त्यांनी सांगितला. दाणा दिसायला काळा नसला तरी विष असू शकतं, हेही सांगितलं आणि पीठ तपासायच्या कागदी पट्ट्या गिरणीत ठेवायचं ठरवलं. गर्भारपण कळल्यावर फॉलिकच्या गोळ्या सुरू करून या एका गोष्टीला उपयोग होत नाही, कारण तोवर नळी बंद व्हायची वेळ टळून गेलेली असते. बायकांमध्ये बसलेल्या अव्वा शेवटपर्यंत हलल्या नाहीत.

त्या दिवसापासून त्यांनी ज्वारीची भाकरी सोडली. भात खायच्या. विचारलं तर म्हणायच्या, दात दुखतो. मल्लिनाथ त्यांना दाताच्या डॉक्टरकडे न्यायला निघाला तेव्हा शिवलीलाला राहवलं नाही. गिरणीत कुणी नव्हतं. तिनं अव्वांना तिथं बोलावून पोत्यावर बसवलं.

"दात दुखत नाही तुमचा."

"न्हाई दुखत." अव्वांनी पदर सावरला. "मला कळलंय सगळं. वाटणी मी केली. आता तू म्हण, मी केलं म्हणून. म्हण की! मीबी तुला म्हणलेच हुते."

"नाही म्हणणार." शिवलीलाचा आवाज चढला. "त्याचं नाही म्हणणार. तुम्हाला माहीत नव्हतं, मला नव्हतं, डॉक्टरांनासुद्धा नव्हतं. पण नऊ वर्षं तुम्ही मला सांगत आलात, निलासमोर सांगत आलात. त्याचा मला राग आहे. तो जायचा तेव्हा जाईल, आज मागू नका."

अव्वा मान खाली घालून बसल्या. मग दाराकडे बघून म्हणाल्या, "आत ये ग. दाराआड उभं राहून पाय दुखतील."

निला आत आली. तिनं सगळं ऐकलं होतं. आईसमोर कुबड्या रोवून ती उभी राहिली. "एक विचारू? ती ज्वारी खाल्ली नसतीस तर मी झाले नसते का? दुसरीच कुणी झाली असती?"

शिवलीलाला या प्रश्नाची भीती नऊ वर्षांत कधी वाटली नव्हती, ती आत्ता वाटली. "तूच झाली असतीस. हेच नाक, हीच जीभ. फक्त पायांना त्रास नसता."

"मग दुसऱ्यांच्या पायांना त्रास नको असं आपण केलं तर त्याचा अर्थ मी नको असा होत नाही."

"अजिबात होत नाही."

"ठीक आहे," निला म्हणाली. "मग मला ती पीठ तपासायची पट्टी बघायचीय."

तरन्नुमनी गिरणीत तपासणीच्या पट्ट्या ठेवल्या होत्या. चमचाभर पीठ पाण्यात कालवायचं, पट्टी बुडवायची. एक रेघ आली तर विष, दोन आल्या तर पीठ खाण्याजोगं. शिवाय दळताना चिमूटभर फॉलिकची पूड मिसळायची सोय केली. नव्या नवरीला लग्नानंतर लगेच गोळ्या खा म्हणून कोण सांगणार आणि ती तरी कशी मागणार? पीठ मात्र सगळ्यांच्याच पोटात जातं.

सगळं सुरळीत चालेल असं दिसत होतं, कारण ते साल कोरडं गेलं. पुढच्या सालात ऐन काढणीला तीन दिवस पाऊस कोसळला.

पहिलाच डबा आला तो चनबसप्पा पाटलांकडून, गावातल्या सगळ्यात मोठ्या शेतातला. घेऊन आली त्यांची नवी सून प्रणिता, हातावरची मेंदी अजून न उतरलेली. दाणे धुऊन पुसून छान दिसत होते. शिवलीलानं मूठभर दळून पट्टी बुडवली. एकच रेघ उमटली.

"हे नाही दळता येणार ग. मामंजींना सांग."

मामंजी स्वतःच आले. "शिवलीला, माझ्या ज्वारीला कुरनाळात नाव ठेवणारा अजून जन्मायचाय. धुतली, वाळवली, आता काय राहतंय तिच्यात? सात पिढ्या खात आलो."

"सात पिढ्यांत काढणीला इतक्यांदा पाऊस पडत नव्हता, काका. इतरांनी खायचं ठरवलं तर मी अडवणार नाही. माझ्या दगडाखालून हे पीठ प्रणिताच्या ताटात जाणार नाही, एवढंच."

पाटलांनी डबा उचलला आणि गाडीवर टाकून शेजारच्या गावच्या गिरणीकडे नेला. त्यांच्यामागून अर्धा गाव तिकडे गेला. गिरणी दिवस दिवस बंद राहू लागली. मल्लिनाथ चिडला. "तुला वाटतं ते बरोबर आहे. पण लोक तिकडं दळून तेच खाणार असतील तर तू कुणाला वाचवतीयस?"

शिवलीलानं तरन्नुमना फोन लावला. नुसतं नाही म्हणून भागणार नव्हतं, ज्वारी खाण्याजोगी करून द्यायला हवी होती. तरन्नुम म्हणाल्या, बुरशीनं पोखरलेला दाणा हलका होतो, मिठाच्या पाण्यात तो तरंगतो असं मक्यावर करून पाहिलेलं आहे. ज्वारीचं प्रमाण माहीत नाही. करून बघाल?

करून बघणं हा तर शिवलीलाचा जीव की प्राण. गिरणीच्या मागच्या अंगणात पाण्याची पिंपं लागली. मीठ कमी पडलं तर सगळंच बुडायचं, जास्त झालं तर चांगला दाणाही वर यायचा. निला शाळेतून आली की खुर्चीत बसून तरंगणारे दाणे चाळणीनं काढायची, पट्टी बुडवायची आणि रेघांची बातमी मोठ्यानं द्यायची. तरी पट्टी हटायची नाही, एक रेघ आणि दुसरीची नुसती सावली. तेव्हा अव्वा सूप घेऊन येऊन बसल्या. बुडालेली ज्वारी वाळवून त्यांनी निवडायला घेतली. ज्याच्या तोंडाशी गुलाबी झाक आहे तो दाणा बाजूला, चुरगळलेला बाजूला. संध्याकाळी निलानं पट्टी बुडवली आणि ओरडली, "दोन! अव्वा, दोन!"

दुसऱ्या दिवशी अव्वा सूप घेऊन पाटलांच्या ओसरीवर जाऊन बसल्या. काय बोलणं झालं ते शिवलीलाला प्रणिताकडून कळलं. अव्वांनी पाटलीणबाईंना सगळ्यांदेखत सांगितलं होतं, "चांगली इकून वाईट बायकांना घालायची, हे मीबी केलंय. माझ्या नातीला बघतीस न्हवं रोज? तुझ्या सुनंला ते वाढू नको." पाटलीणबाई उठून आत गेल्या आणि पोत्याचं तोंड त्यांनी स्वतः उघडलं. पाटील वर्तमानपत्र वाचत राहिले.

हळूहळू दळणं परत आली. अंगणात पिंपं वाढली, सुपं वाढली. तरंगलेली ज्वारी खड्ड्यात पुरायची असा नियम झाला.

प्रणिताला मुलगा झाला तेव्हा थंडी पडायला लागली होती. बाराव्या दिवशी पाटलांच्या वाड्यात बायका जमल्या. अव्वांनी बाळ मांडीवर घेतलं, उपडं केलं आणि मानेपासून खाली अंगठा फिरवत नेला. अगदी माकडहाडापर्यंत नेला. मग कुणी विचारायच्या आत बाळ सरळ करून दुपट्यात गुंडाळलं.

तरन्नुमही आल्या होत्या, पेटी घेऊन. त्या भागातल्या सगळ्याच नव्या बाळांची त्या नोंद करत होत्या. काडी फिरवताना बाळानं ती हिरड्यांत धरून ठेवली, सगळ्या हसल्या. प्रणिता म्हणाली, "निष्कर्ष मला एकटीला नको. निलानं वाचावा, सगळ्यांसमोर."

काही दिवसांनी पडदा त्याच ओसरीवर उघडला. निलानं खुर्ची पुढं ओढली, डोळे बारीक केले. पट्ट्या नीट ओळीनं होत्या. जांभळी कुठंच नव्हती.

"काहीच नाही," ती म्हणाली.

चनबसप्पा पाटलांनी चष्मा काढला. "काहीच न्हाई म्हंजे? एवढी पिंपं, एवढं मीठ, निम्मी ज्वारी खड्ड्यात. आन् निघालं काय, तर काहीच न्हाई?"

"हो काका," शिवलीला म्हणाली. "एवढं सगळं त्याच्यासाठीच केलं."

पाटलांना ते पटलं की नाही, कळलं नाही. ते नातवाकडे बघत होते. त्यानं पाय झाडून दुपटं कधीच उडवून लावलं होतं.

अव्वा निलाच्या खुर्चीजवळ सरकल्या. त्यांना वाचता येत नव्हतं, तरी त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं.

"परत वाच."

"काहीच नाही, अव्वा."

"अजून एकदा वाच," अव्वा म्हणाल्या, आणि निलानं पुन्हा वाचलं.